स्ट्रेटनरने जळलेले केस घरी कसे सांभाळायचे: काय सुधारतं, काय सुधारत नाही

केस पूर्ण वाळलेत असं समजून मी एकदा मानेमागची बट स्ट्रेटनरमध्ये धरली आणि 'चर्र' आवाज आला. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की येतो तसा. थोडी वाफ निघाली, जळकट वास आला. पण बट मात्र सरळ आणि चकचकीत दिसत होती, म्हणून मी पुढची बट घेतली. दीड-दोन महिन्यांनी विंचरताना कंगव्यात केस यायला लागले. मुळापासून गळलेले नव्हेत, मधूनच तुटलेले, बोटभर लांबीचे तुकडे. उजेडात धरले तर प्रत्येकाच्या तुटक्या टोकाशी पांढरट ठिपका, जुन्या कुंचल्यासारखा पिंजलेला.

त्यानंतर वर्षभर मी केसांना काय काय चोपडलं याची यादी मोठी आहे आणि त्यातलं निम्मं वाया गेलं. ते तुमचं वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी कडू भाग सांगून टाकते. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्यात रक्त नाही, पेशींची वाढ नाही. बोट कापलं तर भरून येतं, तुटलेलं नख मात्र तुटलेलंच राहतं, खालून नवं येईपर्यंत. केस नखाच्या जातीचा आहे, दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच. त्यामुळे बाटलीवर 'दुरुस्ती' असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी घरी प्रत्यक्षात तीन गोष्टी होतात: पुढचं नुकसान थांबतं, झालेल्या नुकसानीवर तात्पुरता लेप बसतो आणि नवे केस येईपर्यंत जुने तुटू न देता टिकवता येतात. या तिसऱ्या गोष्टीकडे फार कुणी लक्ष देत नाही. मला विचाराल तर खरं काम तिथेच आहे.

उष्णता केसाचं नेमकं काय करते

केसाच्या बाहेरच्या बाजूला पातळ, पारदर्शक खवल्यांचं आवरण असतं. खवले साधारण पाच ते दहा थरांत, कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे वळलेली असतात. एक केस चिमटीत धरून बोटं मुळाकडून टोकाकडे न्या, गुळगुळीत लागेल. उलट न्या, किंचित अडकेल. ती अडखळ म्हणजे कौलांच्या कडा. या आवरणावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळे निरोगी केसात पाणी पटकन शिरत नाही आणि केस एकमेकांवरून सरकतात.

आवरणाच्या आत केसाचा गाभा. केराटिनचे मळसूत्रासारखे पीळदार धागे इथे असतात आणि केसाची ताकद, ताण, वळण सगळं त्यांच्यातून येतं. धागे मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी जोडलेले असतात. हायड्रोजनचे बंध कमकुवत असतात, पाण्याने किंवा थोड्या उष्णतेने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. इस्त्री केलेले केस पावसात भिजल्यावर मूळ वळणावर जातात ते यामुळेच. गंधकाचे बंध चिवट असतात, पाण्याला दाद देत नाहीत.

साध्या, बेताच्या उष्णतेने फक्त पहिले बंध हलतात. तापमान वाढत गेलं की आधी वरचा स्निग्ध थर जातो, मग खवल्यांना तडे जातात आणि त्यांच्या कडा उचलल्या जातात. शेवटी गाभ्यातले पीळच उलगडतात. कोरड्या केसात हा शेवटचा टप्पा साधारण 230 अंश सेल्सियसच्या आसपास येतो आणि बाजारातले बरेच स्ट्रेटनर नेमके तिथपर्यंत तापतात. अंडं उकडल्यावर पुन्हा कच्चं होत नाही, तसा एकदा उलगडलेला पीळ परत वळत नाही.

ओल्या केसाची गत याहून वाईट. त्यातली प्रथिनं खूपच कमी तापमानाला बिघडतात. शिवाय आत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे केसाच्या आतच बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस स्पंजसारखा पोकळ दिसतो. ओल्या केसांवर 125 अंशांचा कर्लर मिनिटभर धरला तरी हे होऊ शकतं. माझ्या त्या 'चर्र'चा अर्थ हा होता.

पहिली पायरी: नुकसान कुठून कुठपर्यंत आहे ते शोधा

उपाय सुरू करण्याआधी अर्धा तास काढा. गळलेले दहा-बारा केस गोळा करा, काळ्या किंवा गडद कापडावर पसरा आणि खिडकीच्या उजेडात बघा. केस पांढरे किंवा फिकट असतील तर कापड उलट निवडा.

एका टोकाला इवलीशी पांढरी गाठ असलेला पूर्ण लांबीचा केस आपोआप गळलेला असतो. दिवसाला पन्नास ते शंभर असे केस गळणं नेहमीचं आहे, त्याचा उष्णतेशी संबंध नाही. गाठ नाही आणि लांबीही कमी असेल तर तो केस तुटलेला. लांबीवर मध्येच पांढरे ठिपके दिसले तर तिथे खवले पूर्ण उडालेत आणि गाभा पिंजलाय. ठिपक्यावर केस हलकेच वाकवा, बहुतेक वेळा तिथेच तुटेल. टोकाला फाटे फुटलेले असतील तर ते किती वर चढलेत तेही पाहा.

आता डोक्यावरचा, लांबी टिकून असलेला एक केस ओला करा आणि दोन्ही हातांत धरून हळू ताणा. निरोगी ओला केस साधारण तीस टक्के ताणला जाऊन परत येतो. जरासुद्धा न लांबता पटकन तुटला तर तो ठिसूळ झालाय. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आलाच नाही, तर गाभा खचलाय. ही परीक्षा दोन-तीन जागच्या केसांवर करा, कारण उष्णता सगळीकडे सारखी लागत नाही. चेहऱ्यालगतच्या आणि डोक्यावरच्या वरच्या थरातल्या बटांना सगळ्यात जास्त मार बसलेला असतो. आरशात दिसतात म्हणून आपण त्यांच्यावरूनच चार वेळा जास्त फिरवतो.

पाण्याच्या ग्लासात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघायची एक परीक्षा फार प्रसिद्ध आहे. तिच्या नादी लागू नका. केसावर तेलाचा किंवा सिरमचा अंश असला की तो तरंगतो, आणि निष्कर्ष चुकतो.

मग थोडं गणित करा. केस महिन्याला एक सेंटीमीटरच्या थोडा वर, म्हणजे वर्षाला साधारण 15 सेंटीमीटर वाढतात. तुमचे केस 45 सेंटीमीटर लांब असतील तर टोकं तीन वर्षांची झाली. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार फेरे या हिशेबाने त्या टोकांवरून स्ट्रेटनर बाराशेहून जास्त वेळा फिरलाय. मुळाजवळचे पाच सेंटीमीटर मात्र फक्त चार महिन्यांचे आहेत. एकाच केसाची वेगवेगळ्या वयाची ही दोन टोकं आहेत, तेव्हा त्यांना एकच उपचार करणं चूक. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत मी मुळं आणि लांबी वेगळी का काढतेय ते यावरून लक्षात येईल.

दुसरी पायरी: गरम उपकरणं कपाटात

किमान तीन महिने स्ट्रेटनर, कर्लर, गरम ब्रश बंद. तीन महिन्यांत केस बरे होत नाहीत, ते आपण वर पाहिलंच. मग तीन महिने कशासाठी? एक म्हणजे तुटणं कमी झालं का हे कळायला एवढा काळ लागतो. दुसरं, या काळात तुमच्या केसांचं खरं वळण कसं आहे ते समजतं. बऱ्याच जणींना ते आठवतही नसतं.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात. मुळाशी लाटा, खाली काठीसारखे सरळ, टोकाला झाडू. सैल वेणी, सैल अंबाडा, कापडी पट्टा, क्लिप, जे जमेल ते करा. रबरबँड नको, आणि रोज एकाच जागी बांधूही नका. अंबाड्याचा बँड जिथे बसतो नेमकी तिथली ओळ तुटते.

याच काळात ब्लीच, केस सरळ करणारी रसायनं, पर्म हे सगळंही थांबवा. उष्णतेने उघडलेल्या खवल्यांवर ब्लीच म्हणजे आगीतून फुफाट्यात. 'केराटिन ट्रीटमेंट' या नावाला विशेष जपून. नाव प्रथिनाचं असलं तरी अनेक प्रकारांत प्रत्यक्षात केसांना द्रव्य लावून त्यावर कडक इस्त्रीच फिरवतात. काहींतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाची वाफ निघते. ग्लायॉक्झिलिक आम्ल असलेल्या प्रकारांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

तिसरी पायरी: कापा, पण सगळं एकदम नको

फाटा फुटलेलं टोक कुठल्याही क्रीमने कायमचं चिकटत नाही. पुढच्या धुण्यापर्यंत चिकटल्यासारखं वाटतं, एवढंच. आणि फाटा जागेवर थांबत नाही, वर सरकत जातो. आज एक सेंटीमीटर कापायचा कंटाळा केलात तर चार महिन्यांनी तीन कापावे लागतात.

सुरुवातीला जिथपर्यंत फाटे आहेत त्याच्या वर एक सेंटीमीटर कापून घ्या. मग दर आठ ते दहा आठवड्यांनी एक-दीड सेंटीमीटर. तेवढ्या काळात केस दोन-अडीच सेंटीमीटर वाढतात, म्हणजे लांबी हळूहळू का होईना वाढते आणि जळलेला भाग खालून कमी होत जातो. वस्तऱ्याने किंवा पातळ करायच्या दातेरी कात्रीने कापू देऊ नका. त्या कापाला तिरपी, लांब धार येते आणि तिथून फाटा फुटायला वेळ लागत नाही.

मधल्या लांबीवरचे फाटे घरी कापता येतात. कोरड्या केसांची बोटभर जाडीची बट घ्या, हलका पीळ द्या. पिळातून जी तुटकी टोकं बाहेर डोकावतात तेवढीच कापा. कात्री मात्र केस कापायचीच हवी. कागद कापून बोथट झालेल्या कात्रीने केस कापला जात नाही, चिरडला जातो.

गाभा खचलेला असेल, म्हणजे ओला केस च्युइंगमसारखा लांबत असेल, तर तेवढा भाग काढून टाकणं हेच शहाणपणाचं. मी सहा महिने ओढाताण करून शेवटी तेच केलं.

चौथी पायरी: धुण्याआधी तेल

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तेलाबद्दल भाबडी स्तुती आणि सरसकट टीका दोन्ही ऐकू येतात.

केस पाण्यात भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. खराब झालेला केस पाणी जास्त शोषतो, म्हणून जास्त फुगतो. प्रत्येक फुगण्या-आकसण्यात खवले थोडे अजून उचलले जातात आणि आतलं थोडं प्रथिन धुऊन जातं. धुण्याआधी लावलेलं तेल हे फुगणं कमी करतं. पण सगळी तेलं सारखी नाहीत. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्यामुळे ते खवल्यांच्या खाली, केसाच्या आत शिरू शकतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यात धुताना होणारी प्रथिनांची झीज एकट्या खोबरेल तेलानेच लक्षणीय कमी झाली, मग ते धुण्याआधी लावलेलं असो की नंतर. बाकीची बहुतेक तेलं मुख्यतः वरून लेप देतात. तेही वाईट नाही. चकाकी येते, गुंता कमी होतो. पण काम वेगळं आहे.

करायचं असं. कोरड्या केसांवर, कानाच्या खालच्या लांबीला आणि टोकांना तेल लावा. खांद्यापर्यंतच्या केसांना एक ते दोन चहाचे चमचे पुरतात. तेल निथळायला लागलं तर जास्त झालं, आणि ते काढायला दोनदा शाम्पू लावावा लागला तर मिळवलं ते गमावलं. दोन-तीन तास ठेवा, रात्रभर ठेवलं तरी हरकत नाही. तेल कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवून. कढत तेलाने टाळू भाजते आणि केसाला जास्तीचा फायदा काही नाही. कोंडा असेल तर तेल टाळूला लावू नका, कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच वाढते.

काहींचे केस खोबरेल तेलाने ताठ, काड्यांसारखे होतात. तीन-चार वेळा लावून तसंच वाटलं तर सोडून द्या.

पाचवी पायरी: धुणं

शाम्पू टाळूसाठी असतो, लांबीसाठी नाही. बोटांच्या पेरांनी टाळू चोळा. खाली उतरणारा फेस लांबीला पुरतो. केस डोक्यावर गोळा करून कपडे घासल्यासारखे घासायचे नाहीत. सौम्य शाम्पू घ्या. लेबलवर सुरुवातीलाच सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा कडक घटक) असलेला नको. आठवड्यातून किती वेळा धुवायचे ते टाळूवर अवलंबून. तेलकट टाळू तशीच ठेवून केसांचं भलं होत नाही. पाणी कोमट.

खाण्याचा सोडा केसांना लावू नका. तो अल्कधर्मी आहे, खवले उघडतात. लिंबाचा रस उलट्या टोकाचा, फार आम्लधर्मी, आणि टाळूला झोंबतो.

मग कंडिशनर. जळलेल्या केसांसाठी घरातली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती असं कुणी विचारलं तर मी महागड्या मास्ककडे न बघता साध्या कंडिशनरची बाटली पुढे करीन. वरचा स्निग्ध थर गेलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधले मुख्य घटक धन भाराचे असतात, त्यामुळे जिथे केस जास्त खराब तिथे ते आपोआप जास्त चिकटतात. लेबलवर बिहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड दिसलं तर ते हेच घटक. अमोडायमेथिकोन हा सिलिकॉनही खराब जागा शोधून बसणारा आहे. सिलिकॉनची लोकांना उगाच भीती घातली जाते. जळलेल्या केसांना तो सरकपणा देतो, आणि सरकपणा आला की विंचरताना तुटणं कमी होतं. थर साचून केस जड, चिपचिपीत वाटले तर महिन्यातून एकदा खोल स्वच्छता करणारा शाम्पू वापरायचा, झालं.

लावायची पद्धत महत्त्वाची. शाम्पू धुऊन झाला की केस मुठीत धरून पाणी निपटून काढा, नाहीतर कंडिशनर पाण्याबरोबर वाहून जातो. कानाखालच्या लांबीला भरपूर लावा, बोटांनी गुंता सोडवा, मग जाड दातांच्या कंगव्याने आधी टोकं विंचरा आणि दर वेळी थोडं वरून सुरू करत खाली या. तीन मिनिटं थांबा. धुताना केस किंचित निसरडे वाटेपर्यंतच धुवा. करकरीत होईपर्यंत नाही.

सहावी पायरी: प्रथिनं, मास्क आणि 'बाँड'वाल्या बाटल्या

अंड्याचा मास्क मीही लावला. कोमट म्हणून घेतलेलं पाणी जरा जास्त गरम निघालं आणि डोक्यावर अंडं शिजलं. कानामागून त्याचे कण काढत दोन दिवस गेले. कच्च्या अंड्यातल्या प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की ते केसाच्या आत जाऊच शकत नाहीत. दह्याचंही तेच. केळं तर लावूच नका, ते निघत नाही आणि काढताना केस तुटतात.

हवं असतं ते तुकडे केलेलं प्रथिन. लेबलवर 'हायड्रोलाइझ्ड' हा शब्द शोधा: हायड्रोलाइझ्ड केराटिन, व्हीट किंवा सिल्क प्रोटीन. हे लहान तुकडे पृष्ठभागावर आणि थोडे आतही बसतात, केसाला तात्पुरता टणकपणा देतात आणि काही धुण्यांत निघून जातात. कितीदा वापरायचं हे परीक्षेतून ठरवा. ओला केस लिबलिबीत, जास्त ताणला जाणारा असेल तर दोन आठवड्यांनी एकदा. आधीच काडीसारखा कडक असेल तर प्रथिन नको, तेल आणि कंडिशनरवरच राहा. प्रथिन जास्त झाल्याची खूण म्हणजे केस हाताला गवतासारखे लागतात. तसं झालं तर महिनाभर थांबा.

'बाँड' म्हणजे वर सांगितलेले बंध, ते जोडण्याचा दावा करणाऱ्या उत्पादनांबद्दल सगळे विचारतात. यातली पहिली पिढी मुख्यतः ब्लीच केलेल्या केसांसाठी आली, कारण ब्लीचने गंधकाचे बंध तुटतात. उष्णतेच्या नुकसानीत बंध तुटण्यापलीकडेही बरंच होतं: खवले उडतात, बुडबुडे होतात, पीळ उलगडतात. म्हणून जळलेल्या केसांना त्यांचा थोडा फायदा होऊ शकतो, केस जरा घट्ट वाटतात, पण चमत्काराची अपेक्षा नको. आधी दोन महिने वरच्या पाच पायऱ्या नीट करा. त्यानंतरही गरज वाटली तरच खर्च करा.

सातवी पायरी: ओला केस

माझे सगळ्यात जास्त केस स्ट्रेटनरखाली नव्हे, टॉवेलखाली तुटले असावेत. ओला केस मऊ, फुगलेला आणि कमकुवत असतो. जाड टॉवेलने खसाखसा पुसणं, डोक्याला घट्ट पगडी बांधणं, लगेच बारीक कंगवा फिरवणं, हे तिन्ही बंद करा. जुना मऊ सुती टीशर्ट घ्या आणि केस त्यात धरून दाबा. पाणी टिपायचंय, केस पिळायचे नाहीत.

हवेत वाळवणं नेहमीच चांगलं असं सांगतात. त्यात एक गोम आहे. 2011 साली कोरियातल्या संशोधकांनी केसांच्या बटा तीस-तीस वेळा धुऊन वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायरने वाळवल्या. ड्रायर 15 सेंटीमीटरवर धरला तेव्हा तापमान 47 अंश होतं, 5 सेंटीमीटरवर धरला तेव्हा 95. जवळून वाळवलेल्या केसांचे खवले सगळ्यात जास्त खराब झाले, ते अपेक्षितच होतं. पण पेशींना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या थराला इजा दिसली ती फक्त हवेत वाळवलेल्या केसांत. केस बराच वेळ ओले राहणंही त्यांना मानवत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

म्हणून माझी पद्धत अशी. टिपून घेतल्यावर थोडा लीव्ह-इन (न धुता तसाच ठेवायचा) कंडिशनर, टोकांना सिरमचे दोन थेंब. अर्धेअधिक वाळेपर्यंत मोकळे सोडायचे. मग ड्रायर थंड किंवा कोमटवर, वीतभर लांब, सतत हलता, हवेचा झोत मुळाकडून टोकाकडे. ओले केस घेऊन झोपायचं नाही.

झोपताना सैल वेणी, उशीला सॅटिनचा किंवा तसाच गुळगुळीत अभ्रा. घर्षण कमी होतं.

पुन्हा स्ट्रेटनर वापरायचाच असेल तर

कुणाचं लग्न असतं, कुणाची मुलाखत. आयुष्यभर हात लावू नका असं मी म्हणणार नाही. तीन महिने झाल्यावर, तुटणं कमी झालं असेल तर अधूनमधून चालेल. पण उपकरणाला तापमानाचा आकडा दाखवणारा नियंत्रक हवा. नुसतं चालू-बंदचं बटण असलेलं उपकरण नको. बारीक किंवा आधीच खराब केस असतील तर 150 अंश. जाड, दणकट केसांना 180 पर्यंत. त्यावर नाही.

केस हाडासारखे कोरडे हवेत. मानेमागची आणि कानामागची बट सगळ्यात शेवटी वाळते, ती हाताने चाचपा. गालाला लावून पाहा, गार लागली तर अजून ओल आहे. हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे किंवा क्रीम) लावा, तो कंगव्याने सगळीकडे पसरवा आणि पूर्ण वाळू द्या. त्यातले पॉलिमर आणि सिलिकॉन उष्णता हळू आणि सारखी पोचवतात. नुकसान कमी होतं, शून्य होत नाही. तेल हा त्याला पर्याय नाही. दोन-तीन सेंटीमीटर रुंदीची बट, एकच सावकाश फेरा. 'चर्र' ऐकू आलं, वाफ दिसली, तर तिथेच थांबा.

कुरळे केस असतील तर

कुरळ्या केसांचं वळण उष्णतेने गेलं की ओले केल्यावरही काही बटा सरळच राहतात. ते वळण परत आणणारं काहीही नाही. दर वेळी धुताना प्रथिनाचा मास्क लावून वाट बघणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मुळाशी नवं वळण येत राहतं आणि जिथे कुरळा भाग संपून सरळ भाग सुरू होतो ती जागा सगळ्यात नाजूक असते, तिथूनच केस तुटतो. म्हणून त्या जागी कंगवा न घालता कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत बोटांनीच गुंता सोडवा. वळणात तफावत दिसू नये म्हणून केस ओलसर असताना सैल पीळ किंवा वेण्या घालून वाळू द्या. दोन्ही भाग बऱ्यापैकी एकसारखे दिसतात.

डॉक्टरांकडे कधी

मुळाशी पांढरी गाठ असलेले केस मूठमूठ यायला लागले, टाळूवर चट्टे पडले, भाजलेली जागा चिघळली, किंवा कधीही गरम उपकरण न लागलेला मुळाजवळचा नवा केसही तुटतोय असं दिसलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइडचा विकार, शरीरातलं लोह कमी असणं अशी कारणं त्यामागे असू शकतात आणि ती कंडिशनरने जाणार नाहीत.

किती दिवस लागतील

पहिल्याच नीट धुण्यानंतर केस हाताला मऊ लागतात. ते लेपाचं काम. सहा ते आठ आठवड्यांत कंगव्यातले आखूड तुकडे कमी व्हायला हवेत. नाही झाले तर टॉवेल, रबरबँड आणि कात्री या तीन गोष्टी पुन्हा तपासा. पहिल्या दिवशी एका बटेचा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. दर महिन्याला तीच बट, तोच उजेड. रोज आरशात पाहून काही कळत नाही, फोटोत कळतं.

खांद्याच्या खाली येणारे केस पूर्ण बदलायला दोन-अडीच वर्षं लागतात. माझ्या मानेमागच्या त्या बटेचं शेवटचं जळकं टोक एकोणिसाव्या महिन्यात कापलं. बाकीच्या केसांपेक्षा ती अजून वीतभर आखूड आहे आणि वेणीतून हटकून सुटून बाहेर येते.